साय कुठून येते

वडील सकाळी गेले. धार काढून झाली होती. दुधाची किटली ओट्यावर होती. ते दूध डेअरीवर गेलं नाही.

फोन आला तेव्हा मी जाफराबादला होते. तिथल्या कॉलेजात मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. जीप, मग जालन्याहून एसटी, आणि तीर्थपुरीपासून पुढे गावातल्या कुणाच्या तरी मोटारसायकलवर, अशी मी दुपार कलल्यावर घरी पोचले. अंगणात माणसं बसली होती. वडिलांना पांढऱ्या कापडात ठेवलं होतं. ओट्यावर किटली तशीच होती. मी तिचं झाकण काढून पाहिलं. का पाहिलं ते सांगता येणार नाही. दूध आंबलं होतं आणि वर पिवळसर थर धरला होता.

अंत्यविधीहून परतलो तेव्हा गाय हंबरत होती. कास तटतटून भरली होती. आईनं हातपाय धुतले, ओट्यावरची किटली उकिरड्यावर रिकामी केली, घासली, आणि बादली घेऊन गाईखाली बसली. आत्या, म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, पायरीवर बसून होती. ती म्हणाली, "वैनी, आजच्या दिवस राहू दे की."

"तिला काय सांगू?" आई म्हणाली. "आज सुट्टी हाय म्हणून?"

वडील अंकुशनगरकडे साखर कारखान्याच्या यार्डात कामाला होते. कामावरून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक संकरित गाय घेतली. तोवर आमच्या वस्तीत शेळ्या होत्या, कोंबड्या होत्या, पण दुभती गाय कुणाकडे नव्हती. असती तरी दूध कुणाला घालणार हा प्रश्न होता. आमच्या वस्तीतलं शेळीचं दूधही गावात कुणी चहाला घेत नसे. तसं कुणी बोलून दाखवत नसे, घेत नसे एवढंच. मग गावात डेअरी झाली, मशीन आलं, आणि वडील किटली घेऊन रांगेत उभे राहिले. आमच्या वस्तीतले ते पहिले. मशीननं फॅट दाखवलं, डिग्री म्हणजे दुधाचा दाटपणा दाखवला, आणि त्यांचं दूध सगळ्यांच्या दुधात, मोठ्या कॅनमध्ये गेलं. त्या संध्याकाळी ते घरी आले आणि "ओतलं" एवढंच म्हणाले. आईनं ही गोष्ट मला पुष्कळदा सांगितली आहे. दर वेळी ती त्या एका शब्दावर थांबते.

गाईच्या बाबतीत वडिलांचे नियम बरेच होते. धारेच्या वेळी कुणी शिंकायचं नाही. गोठ्यात निळी बादली चालणार नाही. आधी कडबा, मग पेंड. कडबा फार बारीक करायचा नाही. पाणी पाजल्याशिवाय दावं सोडायचं नाही. यातले काही नियम कामाचे होते आणि काही निव्वळ हट्ट, पण कुठला कशात मोडतो हे त्यांनी स्वतःही कधी तपासलं नसावं. शिळ्या अन्नाबद्दल मात्र त्यांचा काहीच नियम नव्हता. त्याचं कारण साधं आहे. आमच्या घरी अन्न कधी उरत नसे.

ते गेल्यावर उरायला लागलं.

आमच्याकडे मयताच्या घरी जलदानाचा विधी होईपर्यंत चूल पेटवत नाहीत. चूल म्हणजे आता गॅसच, पण शब्द तोच आहे. वस्तीतल्या घरांतून जेवण येतं. कुणी भाकरी-पिठलं आणतं, कुणी वरण-भात, कुणी चपात्या. सगळ्यांना वाटतं, आपल्याकडून कमी पडू नये. खाणारी आम्ही तिघी, मी, आई आणि मुक्कामाला राहिलेली आत्या. आईचा घास तर दोन-चार वेळा फिरून ताटातच परत जायचा. रात्रीचा भात सकाळपर्यंत पातेल्यात तसाच असे. तो टाकायची आईची छाती नव्हती. लहानपणी तिनं उपास काढले आहेत, सणाचे नव्हेत. म्हणून तिनं तो गाईला घातला. भात, वरण, चपात्या, भाकरीचे तुकडे. गाईनं सगळं चाटूनपुसून खाल्लं आणि मान वर करून आणखी मागितलं.

कडबा कापायचं काम वडिलांचं होतं. कुट्टीचं हातचाक गोठ्याच्या कोपऱ्यात होतं. त्याला त्या दिवसांत कुणी हात लावला नाही. गाय खात होती, पोट भरत होतं, दूधही कमी झालं नव्हतं. उलट किटली थोडी जास्तच भरायची. त्यामुळे काही बिघडलं आहे असं वाटायला जागा नव्हती.

सुरुवातीला आत्यानं दूध डेअरीवर नेलं. मग आई म्हणाली, मीच जाते. मी तिच्याबरोबर गेले.

डेअरी म्हणजे ग्रामपंचायतीच्या मागची पत्र्याची खोली. समोर बाक. मशीनवर बसणारा तरुण गावातल्या शेतकरी घरातला आहे, शिकलेला, बोलायला नरम. आईला तो मावशी म्हणतो. बाकावर एक म्हातारे बसलेले असतात. त्यांच्या दोन म्हशी आहेत, पण दूध त्यांची सून घालून जाते. ते नुसते बसायला येतात. सगळे त्यांना आबा म्हणतात.

तरुणानं आमचं दूध हलवलं, नळी बुडवली, आकडे बघितले, आणि पुन्हा नळी बुडवली.

"मावशी, फॅट लई खाली आलं."

"तुझी मशीन बघ की. सकाळपासून उपाशी असंल."

"मशीन बराबर हाय. आबांच्या म्हशीचं आत्ताच बघितलं, बिलकुल बराबर आलं. कालपासून बघून राह्यलो मी, तुमचं घसरायलंच."

"पाणी दाखवायली का?"

"न्हाई, पाणी न्हाई. डिग्री बराबर हाय. फॅटच न्हाई नुसतं." त्यानं नळी पुसली. "साय काढून आणली की असं येतं."

आबा बाकावरून म्हणाले, "घरी पाहुणे लई हायेत तिच्या. चहात गेली असंल साय." रांगेतले दोघंतिघं हसले.

"मी साय काढीत न्हाई," आई म्हणाली.

"तुम्ही काढली असं मी कुठं म्हणलो, मावशी?"

"मंग कोण काढली?"

त्यानं आमचं दूध मोठ्या कॅनमध्ये ओतलं नाही. बाजूला एक बादली होती, तिच्यात ओतलं. कमी फॅटचं दूध बाजूलाच ठेवायचं हा डेअरीचा नियम होता आणि तो सगळ्यांना लागू होता. मागच्या उन्हाळ्यात सरपंचाच्या घरचं दूधही त्या बादलीत गेलं होतं म्हणे. मी घरी जाताना आईला हे सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"वेगळी बादली मला नवी न्हाई," ती म्हणाली.

तिला काय हवं होतं हे त्या संध्याकाळी मला कळलं. तिचं दूध पुन्हा मोठ्या कॅनमध्ये जायला हवं होतं. वडिलांनी तिथवर नेलेली गोष्ट आपल्या हातून, ते गेल्यावर आठवड्याच्या आत, मागं यावी आणि वर चोरीचा आळ यावा, हे तिला सहन होत नव्हतं. ती रडली नाही. वडिलांसाठीही ती माझ्यासमोर फारशी रडलेली नाही. तिनं किटली दोनदा घासली.

जलदानाचा विधी झाला. त्रिशरण-पंचशील झालं, बौद्धाचार्यांनी चार शब्द सांगितले, वडिलांबद्दल दोघंजण उठून बोलले. त्यातला एक कारखान्यातला जुना सोबती होता. तो म्हणाला, हा माणूस कधी उशिरा आला नाही. मला ते वाक्य पुरेसं वाटलं. मग मांडवात पंगत बसली. पुऱ्या, बटाट्याची भाजी, भात, वरण, बुंदी. माणसं अंदाजापेक्षा कमी आली, कारण त्या दिवशी तीर्थपुरीचा बाजार होता. पुऱ्यांच्या टोपल्या उरल्या.

आत्यानं त्या टोपल्यांकडे बघितलं आणि तिला एक विचार सुचला. "वैनी, फॅट म्हंजी काय असतंय? तेलच की. तूप म्हण, तेल म्हण, एकच. ह्या पुऱ्या तेलातल्या हायेत. गाईला घाल. पोटात तेल गेलं की दुधात यील."

हा विचार आम्हा तिघींनाही पटला. मला पटायला नको होता, पण पटला. मी एक टोपली गव्हाणीपर्यंत नेऊन दिली. आईनं वरून गोडं तेल घालून भात कालवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गाईचं शेण पातळ झालं. फॅट आणखी खाली आलं. आमचं दूध सकाळ-संध्याकाळ त्या बादलीत जात राहिलं. मशीनवरचा तरुण आता नुसती मान हलवायचा, आणि ते आईला बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

मग एका संध्याकाळी आईनं धार काढायच्या वेळी बादली खाली ठेवली आणि दावं सोडलं.

"कुठं?" मी विचारलं.

"डेअरीवर."

गाय पुढं, आई दावं धरून, मी रिकामी बादली घेऊन मागं, अशा आम्ही वस्तीतून निघालो आणि गावातून गेलो. दुकानाच्या पायरीवरची माणसं बघत राहिली. कुणीतरी विचारलं, "विकाया निघाली का?" आईनं मान हलवून नाही म्हटलं. डेअरीसमोर रांग होती. गाय थेट बाकापाशी जाऊन उभी राहिली. तिला तिथं कशाचा तरी वास आला असावा.

"मावशी, हे काय?" तरुण बाहेर आला.

"आज किटली न्हाई आणली. गाय आणली." मग ती आबांकडे वळली. "आबा, जरा दावं धरा."

"मी?"

"तुम्हीच. तुमचे डोळे चांगले हायेत. साय कुठं जाती ते दिसतंय तुम्हाला."

रांगेतली माणसं हसली, या वेळी आबांवर. आबा उठले, धोतर सावरलं आणि दावं धरलं. आई बसली. पान्हा सुटायला नेहमीपेक्षा वेळ लागला. गाईला अशा गर्दीची सवय नव्हती. मग बादलीत धारेचा आवाज यायला लागला. आईनं धार संपवली, बादली तरुणाच्या हातात दिली आणि पदराला हात पुसले.

त्यानं नळी बुडवली. आकडे आले. तेच होते, तितकेच खाली.

मग तरुण म्हणाला, "मावशी, माझं चुकलं. तुम्ही साय काढली न्हाई."

"मंग गाईनंच खाल्ली म्हणायचं," आबा म्हणाले. पण या वेळी त्यांचा सूर निराळा होता. ते गाईच्या मानेवर हात ठेवून उभे होते. "बाई, ही मालकाचा सोक करून राह्यली. जनावराला कळतंय. माझ्या थोरल्या भावाच्या बैलानं तो गेल्यावर पेंडीला तोंड लावलं न्हाई. हिचंही तसंच. दूध देती, पण मनापासून न्हाई देत."

लोकांनी माना हलवल्या. कुणी तरी "खरं हाय" म्हटलं. परत येताना आई गाईच्या मागं न चालता तिच्या बाजूनं चालली. दूध त्या दिवशीही वेगळ्या बादलीतच गेलं होतं. आळ गेला होता, फॅट आलं नव्हतं. घरी आल्यावर आईनं गाईला हातानं एक पुरी भरवली.

रजा वाढवून घ्यायला मला एक दिवस जाफराबादला जावं लागलं. कॉलेजच्या ग्रंथालयात पशुपोषणावरचं एक जुनं पुस्तक आहे. ते मी पूर्वी रवंथ शिकवण्यापुरतं चाळलं होतं. या वेळी एसटीत बसून सावकाश वाचलं. मला त्या दिवसांत दुसरं काही वाचता येत नव्हतं. कविता, कादंबरी, काहीही उघडलं की दोन ओळींनंतर डोळे नुसते अक्षरांवरून जायचे. हे पुस्तक मात्र वाचता आलं. त्यात कुणाला काही वाटत नव्हतं.

पुस्तकात लिहिलं होतं ते थोडक्यात असं. दुधातली चरबी गाईच्या पोटात तयार होत नाही, कासेत होते. पण तिचा कच्चा माल दोन वाटांनी येतो. गाय कडबा खाते, पण तो तिला स्वतःला पचत नाही. तिच्या पहिल्या मोठ्या पोटात असंख्य सूक्ष्मजीव असतात. ते कडब्यातला चोथा आंबवतात आणि त्यातून आम्लं बाहेर पडतात. त्यातलं मुख्य आम्ल तेच, जे शिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं. ते रक्तात उतरतं आणि कासेपर्यंत जातं. कासेतल्या पेशी त्याचे बारीक तुकडे एकापुढे एक जोडत चरबीच्या साखळ्या विणतात. दुधातली साधारण अर्धी चरबी अशी घडते. म्हणजे वाळक्या, पिवळ्या, तेलाचा थेंब नसलेल्या कडब्यातून. उरलेली अर्धी रक्तातून तयार येते, काही खाण्यातल्या तेलातून, काही गाईच्या अंगावरच्या चरबीतून. नुकतीच व्यालेली गाय पहिल्या काही आठवड्यांत जितकं खाते त्याहून जास्त दुधात देते. तेव्हा तिच्या पाठीवरचं मांस-मेद उतरतं आणि दुधात जातं.

हे सगळं चालायला गाईनं रवंथ करायला हवा. रवंथ करताना लाळ सुटते. ती लाळ सोड्यासारखी असते, पोटातला आंबटपणा ताब्यात ठेवते. भात आणि चपाती मऊ असतात. गाय ती गिळते, रवंथ करत नाही. लाळ सुटत नाही. पिठूळ अन्न झपाट्यानं आंबतं, पोट आंबट होतं, चोथ्यावर जगणारे जीव मागं पडतात. त्यात भर म्हणून तेल गेलं, तर पोटातले जीव त्या तेलाचं अर्धवट काहीतरी वेगळंच करून ठेवतात. ते रक्तातून कासेत जातं आणि तिथलं विणकाम थांबवतं. दूध येत राहतं. डिग्री बरोबर राहते. चरबी तेवढी नाहीशी होते. जसं काही कुणी साय काढून घेतली.

पुस्तकात पुढं असंही होतं की अशा खाण्यानं जनावर दगावूही शकतं. ते मी आईला तेव्हा सांगितलं नाही.

बाकी सांगायचं की नाही, यावर मी घरी येईपर्यंत विचार केला. आबांनी आईला एक गोष्ट दिली होती. घरात वडिलांसाठी दुःख करणारं आणखी कुणीतरी आहे, ही. मी ती काढून घेणार होते. पण न सांगता गाय बरी होणार नव्हती, आणि दूध त्या बादलीतून बाहेर येणार नव्हतं.

आई गोठ्याच्या दारात बसली होती. मी शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. आम्लांचं, जिवांचं, लाळेचं. फक्त अंगावरची चरबी उतरून दुधात जाते हे ऐकून म्हणाली, "ते ठाव हाय मला. आपलंच अंग काढून देती." मग तिनं गाईकडे बघितलं.

"म्हंजी ती दुःखात न्हाई?"

"ते मला माहीत नाही, आई. पुऱ्या खाल्ल्या एवढं माहीत आहे."

आईनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं ती रागावली. मग ती हसली. वडील गेल्यापासून पहिल्यांदा मी तिला हसताना बघत होते. ते हसणं फार टिकलं नाही. ते संपता संपता ती रडली, आणि मी तिला थांबवलं नाही.

पुऱ्या बंद करणं सोपं होतं. पण जेवण अजून बाहेरून येत होतं. जलदान होऊन गेलं होतं, तरी आईनं गॅस पेटवला नव्हता आणि वस्तीतल्या बायका डबे आणत होत्या. डबे येत तोवर अन्न उरणार, आणि उरलं की आईचा हात गव्हाणीकडे जाणार. हे माझ्याआधी तिच्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची बाई भाताचं पातेलं घेऊन आली तेव्हा आई स्वयंपाकघरात होती आणि तव्यावर भाकरी होती.

"अगं, एवढ्यात?" ती बाई म्हणाली.

"गाईला बाहेरचं सोसंना," आई म्हणाली.

आत्या आतून म्हणाली, "गाईचं नाव अन् आपलं पोट." आईनं भाकरी उलटली. ती भाकरी तिनं पूर्ण खाल्ली.

मी कडबा कापायला घेतला. कुट्टीचं चाक जड होतं. वडील ते एका हातानं फिरवत. मला दोन्ही हात लागले, आणि तुकडे कुठं बोटाएवढे, कुठं वीतभर असे पडले. गाईनं तक्रार केली नाही. पहिल्या दिवशी तिनं कडबा हुंगून बाजूला ढकलला आणि पुरीची वाट बघितली. संध्याकाळी भूक लागल्यावर खाल्ला. शेजारच्या शेतात ऊसतोड चालू होती. तिथून वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, मिळालं, तेही थोडं थोडं घातलं. आत्यानं पाण्यात खायचा सोडा कालवून पाजला. पुस्तकात तसं होतं, आणि आत्याच्या सासरीही तसं करत असत. दोन्हीकडून होकार आल्यामुळे वाद झाला नाही.

मग आम्ही रवंथाची वाट बघू लागलो. जेवण झालं की तिघी ओट्यावर बसायचो आणि गाईच्या तोंडाकडे बघायचो. आधी ती नुसती बसून राहायची, डोळे अर्धवट मिटून, तोंड न हलवता. एका दुपारी तिच्या गळ्यातून काहीतरी वर आलेलं दिसलं, आणि जबडा आडवा फिरायला लागला. सावकाश, एकाच लयीत. आईनं आत्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मला वाटतं, वडील गेल्यानंतर आम्ही तिघींनी मिळून लक्षपूर्वक केलेलं हे पहिलं काम होतं. गाय चघळत होती आणि आम्ही बघत होतो.

फॅट लगेच आलं नाही. पुस्तकात तसं लिहिलंच होतं. पोटातल्या जिवांना पुन्हा वाढायला आणि कासेला पुन्हा कामाला लागायला वेळ लागतो. आकडा दर दोन-तीन दिवसांनी थोडा वर सरके. रोज संध्याकाळी आई डेअरीवर जायची, तरुण आकडा सांगायचा, दूध बादलीत जायचं आणि ती परत यायची. माझी रजा संपत आली होती.

जायच्या आदल्या संध्याकाळी मी तिच्याबरोबर गेले. रांग होती. आबा बाकावर होते. तरुणानं नळी बुडवली, आकडा बघितला आणि आमची किटली उचलून मोठ्या कॅनमध्ये रिकामी केली. आधीच्या फेसावर नवा फेस आला. मग आमचं दूध कुठलं हे ओळखता येईना.

"बराबर हाय आता, मावशी," तो म्हणाला.

आबांनी बाकावरून विचारलं, "सोक सरला वाटतं गाईचा?"

"न्हाई आबा," आई म्हणाली. "पुऱ्या सरल्या."

आबांना ते कळलं नाही. आईनं त्यांना तिथंच उभं राहून कडबा, लाळ आणि आंबट पोट समजावून सांगितलं, जवळजवळ माझ्याच शब्दांत, पण भांडण सांगावं तसं. सूक्ष्मजीवांना ती 'पोटातली माणसं' म्हणाली. आबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "ते असंल. पण बैलाचं मी डोळ्यानं बघितलं."

"बैलाचं खरं असंल," आई म्हणाली.

घराकडे जाताना वस्तीच्या वळणावर ती थांबली. किटली तिनं या हातातून त्या हातात घेतली.

"ओतलं," ती म्हणाली.

मी हो म्हटलं.

गाय नंतर पुन्हा व्याली. पहिल्या महिन्यात तिची कमरेची हाडं वर आली आणि दूध दाट झालं. आईला आता त्याचं कारण माहीत आहे, आणि ते कारण ती बघायला येणाऱ्यांना सांगते. माझ्या वर्गात रवंथाचा धडा आला की मी पुऱ्यांची गोष्ट सांगते, ती आमच्या घरची आहे एवढं वगळून. मुलं हसतात. प्रश्न मात्र दर वर्षी एखाद्याला पडतो, की मग गाय दुःखी नव्हती का. मी आईला दिलं तेच उत्तर देते.

आत्या तिच्या घरी गेली. आता घरी आई आहे, गाय आहे आणि तिची कालवड आहे. सुट्टीच्या दिवशी मी जाते आणि कुट्टीचं चाक दोन्ही हातांनी फिरवते. डेअरीवर दूध अजून वडिलांच्या नावानं घातलं जातं, आणि ते मोठ्या कॅनमध्ये जातं.